तीन नंबरच्या खोक्यातला नवरा

“माळ्यावर डाव्या हाताला खोके आहेत. त्यातला तीन नंबरचा काढून कॉलेजातून येणाऱ्या मुलीला द्या,” असं मॅडमनी परगावाहून फोनवर सांगितलं, आणि त्यांच्या यजमानांनी माळ्यावर डाव्या हाताला असलेला तीन नंबरचा खोका काढून मुलीला दिला. सांगितलं तेवढं आणि तसंच करायचं, ही त्यांची जुनी सवय. त्यामुळं पुढं जे झालं त्याचं खापर नेमकं कुणाच्या डोक्यावर फोडायचं, हा प्रश्न आजतागायत सुटलेला नाही.

घोटाळा माळ्याचा होता. तो हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधोमध होता आणि दोन्हीकडून उघडायचा. मॅडमनी आयुष्यभर हॉलच्या बाजूनं शिडी लावली होती. यजमानांनी स्वयंपाकघराच्या बाजूनं लावली, कारण शिडी तिथंच उभी होती. एकाचा डावा हात तो दुसऱ्याचा उजवा, हे संसारात नवीन नाही, पण या वेळी ते भोवलं.

मॅडम कॉलेजात इतिहास शिकवत. मुलं त्यांना ‘पुरावा मॅडम’ म्हणत, अर्थात पाठीमागं. वर्गात कुणी ‘मॅडम, पंखा बंद आहे’ म्हणालं, तरी त्या “पुरावा काय?” असं विचारतील अशी त्यांची ख्याती. पदवीच्या मुलांना गाईडातली उत्तरं पाठ करून पास व्हायची सवय. ती मोडावी, त्यांच्या हातात जुने अस्सल कागद द्यावेत आणि म्हणावं, आता तुम्हीच सांगा काय घडलं असेल, यासाठी मॅडमनी एक अभ्यासक्रम भांडून सुरू केला होता. त्याचे नियम कडक होते. कागदाजवळ पेन आणायचं नाही, फक्त पेन्सिल. आलेला क्रम मोडायचा नाही. हस्ताक्षर कुणाचं ते आधी ठरवायचं. खाजगी माणसांची नावं चारचौघांत घ्यायची नाहीत. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की बाहेरचं ऐकलेलं, माहीत असलेलं काही आत आणायचं नाही. कागद बोलेल तेवढंच आपण बोलायचं.

यंदा या अभ्यासक्रमावर गंडांतर आलं होतं. प्राचार्य नवे होते आणि रसायनशास्त्राचे होते. ज्या विषयात धूर निघत नाही तो विषय कसला, असा त्यांचा समज असावा. जुने कागद चिवडून मुलांना नोकऱ्या लागतात का, त्यापेक्षा त्या तासाला कॉम्प्युटर का शिकवू नये, असं त्यांनी बैठकीत विचारलं होतं. शेवटी ठरलं असं, की मुलांनी एका खोक्यावर काम करून सादर करावं, प्राचार्य ते ऐकतील आणि तिथल्या तिथं काय तो निर्णय देतील. मॅडमना त्या दिवसापासून धड जेवण गेलं नव्हतं.

खोका त्यांनी विचार करून निवडला होता. एका जुन्या डॉक्टरांना रोग्यांनी लिहिलेली पत्रं त्यांच्या नातवानं कॉलेजला दिली होती. त्यात ताप होता, खोकला होता, म्हणजे प्राचार्यांना निदान विज्ञानाचा वास तरी येईल, असा हिशेब. कॉलेजच्या कागदपत्रांच्या खोलीत वाळवीचं औषध मारायचं होतं म्हणून ते खोके काही दिवस मॅडमच्या माळ्यावर मुक्कामाला आले होते. तेवढ्यात मॅडमना पेपर तपासायला परगावी जावं लागलं. त्यांनी मुलांना ग्रंथपाल बाईंच्या हवाली केलं आणि ग्रंथपाल बाईंनी कुणी पेन तर काढत नाही ना, एवढ्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं.

आता माळ्याच्या दुसऱ्या बाजूला काय होतं ते सांगायला हवं. मॅडमना कागद फेकता येत नसे. इतर बायका साड्या जपतात तसे त्या कागद जपत. घरचे कागदही त्यांनी कॉलेजसारख्याच पांढऱ्या खोक्यांत, तसल्याच सुती फितीनं बांधून, झाकणावर पेन्सिलीनं आकडा घालून ठेवले होते. त्यातल्या तीन नंबरच्या खोक्यात चिठ्ठ्या होत्या. लग्नानंतर मॅडमचं सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी ग्रंथालयात प्रबंधाचं काम. यजमान विमा कंपनीत, दाव्यांच्या विभागात, सतत फिरतीवर. दोघं एका घरात राहत, पण भेटत ती स्वयंपाकघराच्या दारावर टाचणीनं लावलेल्या चिठ्ठ्यांतून. त्या सगळ्या मॅडमनी वर्षावार पाकिटांत घालून ठेवल्या होत्या. चिठ्ठ्यांवर नावं नव्हती. एकाच घरात राहणाऱ्या माणसांना सही करावी लागत नाही.

मॅडम परगावाहून परतल्या त्या तडक सभागृहातच. प्राचार्य पहिल्या रांगेत घड्याळाकडं बघत बसले होते. मंचावर दोघं उभी होती. एक वर्गाची पुढारी, जिला घरून खोका आणायला पाठवलं होतं ती. दुसरा शंकासुर, ज्याला हे नाव मॅडमनीच कौतुकानं दिलं होतं. पडद्यावर शीर्षक आलं, ‘स्वयंपाकघराच्या दारावरचा संसार’. मॅडमना वाटलं, पोरांनी पत्रं सोडून डॉक्टरांच्या बायकोवर काम केलेलं दिसतंय. ठीक आहे, वेगळी दृष्टी आहे. त्या पाठ टेकवून बसल्या.

मग पडद्यावर पहिली चिठ्ठी आली. ‘दूध तापत ठेवलंत तर समोर उभे राहा. मागच्या वेळचं भांडं मी घासलं आहे.’

मॅडमची टेकवलेली पाठ सरळ झाली. ते भांडं त्यांना अजून आठवत होतं.

“नियमाप्रमाणं आम्ही यांना गृहस्वामिनी आणि गृहस्वामी म्हणणार आहोत,” पुढारी सांगू लागली. गृहस्वामिनी शिस्तीच्या पण तापट असाव्यात, असं तिनं दुधाच्या आधारे मांडलं. गृहस्वामींना स्वयंपाकातलं काही येत नसावं, पण ते प्रयत्न करत असावेत, कारण ‘कुकरची शिट्टी सापडली का’ हा प्रश्न वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या शाईत विचारलेला होता. प्राचार्यांनी घड्याळावरची नजर काढली.

मॅडमच्या मनात आलं, उठावं आणि थांबवावं. पण थांबवून सांगायचं काय? की खोका चुकला, पोरांना मी कुठल्या कागदांवर बसवलं याचा मलाच पत्ता नाही? जी बाई स्वतःच्या माळ्यावरचा डावा-उजवा सांभाळू शकत नाही, तिच्या हाती अभ्यासक्रम कोण ठेवील? त्या मूग गिळून बसल्या.

पडद्यावर आता गृहस्वामिनींच्या हातचा मजकूर होता. ‘त्या येणार आहेत. मी ग्रंथालयात आहे असं सांगा. मी ग्रंथालयातच असेन.’

“सासू असणार,” प्राचार्य खात्रीनं म्हणाले.

“नातं सिद्ध झालेलं नाही, सर,” शंकासुरानं नम्रपणे सांगितलं आणि पुढची चिठ्ठी दाखवली. ‘ताई गेली. आता यायला हरकत नाही.’ अक्षर गृहस्वामींचं. म्हणजे सासू नव्हे, नणंद. सभागृहात हशा पिकला आणि प्राचार्य मनापासून मान हलवत म्हणाले, की अरे वा, हे तर प्रयोगशाळेसारखंच आहे. मॅडमच्या मनात त्याच वेळी नणंदेची, तिच्या ओळखीपाळखीच्या सगळ्या बायकांची आणि त्यांच्या या कॉलेजात शिकणाऱ्या मुलांची यादी चालू होती.

त्याच सुमारास मागचं दार हळूच उघडून यजमान आत आले. सकाळी माळ्यावर काहीतरी शोधताना त्यांना डॉक्टरांची पत्रं जागच्या जागी दिसली होती. मॅडमना फोन लागेना, म्हणून ते ऑफिसला दांडी मारून, खोका स्कूटरवर पायांपाशी ठेवून आले होते. सभागृह शांत बघून ते शेवटच्या रांगेत बसले, खोका मांडीवर घेतला आणि पडद्याकडं पाहिलं. तिथं लिहिलं होतं, ‘तुझी केसांची पिन उशीखाली सापडली. फिरतीवर बरोबर नेतोय. हरवणार नाही.’

“ही चिठ्ठी आम्हाला फार आवडली,” पुढारी म्हणाली. मागून कुणीतरी जोरात खोकलं.

मॅडमनी वळून पाहिलं. मांडीवरच्या खोक्याच्या वर यजमानांचा तांबडालाल झालेला चेहरा दिसला. नवरा-बायकोनं एकमेकांकडं इतका वेळ एकटक पाहिल्याला बरीच वर्षं झाली असावीत.

इथून पुढं शंकासुर बोलू लागला. गृहस्वामींच्या चिठ्ठ्या वर्षागणिक लहान होत जातात, असं त्यानं दाखवलं. आधी चार ओळी, मग ‘उशीर होईल’, मग नुसतं ‘हो’. हा ‘हो’ कशाला, हे त्यालाही उलगडलं नव्हतं, पण अक्षर त्यांचंच होतं. नंतरच्या पाकिटात ‘हो’ पण नाही, गृहस्वामिनींच्या चिठ्ठीखाली फक्त बरोबरची खूण. नंतर तीही नाही.

“यापुढं गृहस्वामींचं एकही अक्षर मिळत नाही. गृहस्वामिनी मात्र लिहीत राहतात. ‘भाजी आणायची आहे.’ ‘दार नीट लावून घ्या.’ ‘आज लवकर आलात तर बरं.’ उत्तर कशालाच नाही.” त्यानं घसा साफ केला. “यावरून आमचं अनुमान असं, की मधल्या काळात गृहस्वामी वारले. आणि गृहस्वामिनी सवयीनं, मायेनं, त्यांना लिहीत राहिल्या.”

सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता पसरली. पडला तो मागच्या रांगेत मांडीवरचा खोका. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला. सोडियम आणि पाण्यावर एवढी वर्षं काढलेल्या माणसाला एका अनोळखी बाईसाठी गहिवरून आलं होतं.

मागून हात वर झाला. “मृत्यूचा दाखला पाहिलात का?” यजमानांनी उभं राहून विचारलं.

“नाही, काका.”

“मग कसं? आमच्याकडं दाखल्याशिवाय कुणालाही मरता येत नाही.”

“पण जिवंत असल्याचाही दाखला नाही ना, काका,” शंकासुर म्हणाला.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. इथं कांकण स्वतःच उभं राहून बोलत होतं, पण ते कागदावर नव्हतं, म्हणून कुणी जमेस धरायला तयार नव्हतं. यजमान विम्याचे मुरलेले गडी, दावा असा सहज सोडतात काय? समजा, घरात मोबाइल आला असेल, त्यांनी युक्तिवाद केला, मग कशाला माणूस चिठ्ठ्या खरडत बसेल?

“तेही आम्ही तपासलं,” शंकासुर म्हणाला. “गृहस्वामिनींच्या एका चिठ्ठीत ‘तुमचा फोन चार्जिंगला लावलाय’ असं आहे. म्हणजे फोन होता. तरी त्या लिहीत होत्या. त्यांना चिठ्ठीच हवी होती, काका. गृहस्वामी हयात असते तर एवढं त्यांना कळलं असतं.”

यजमानांनी पुन्हा एकदा पडद्याकडं पाहिलं. “हो,” ते म्हणाले. “कळायला हवं होतं.” आणि खाली बसले.

प्राचार्य आता मॅडमकडं वळले. मार्गदर्शक म्हणून त्यांना हे अनुमान मान्य आहे का, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. मॅडम उभ्या राहिल्या. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती. हो म्हणावं तर भर सभेत, नवऱ्याच्या डोळ्यांदेखत त्याला मारायचं. नाही म्हणावं तर आधार काय, तर हे काय ते मागं बसलेत, आणि मग खोका, माळा, शिडी, सगळंच बाहेर. त्यांनी पुन्हा मागं पाहिलं. यजमानांनी कुणाला दिसणार नाही इतपत मान हलवली. राहू दे, मेलेलाच बरा आहे मी, असा त्याचा अर्थ होता, आणि तो मॅडमना चिठ्ठीशिवाय कळला.

“अनुमान जरा घाईचं आहे,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. “पण हाती असलेल्या कागदांशी प्रामाणिक आहे.”

प्राचार्यांनी तिथल्या तिथं अभ्यासक्रम चालू ठेवायचं जाहीर केलं. इतकंच नव्हे, पुढच्या वर्षी रसायनशास्त्राच्या मुलांनाही बसू द्यावं, असं सुचवलं. जाता जाता त्यांना मागच्या रांगेतले प्रश्न विचारणारे गृहस्थ दिसले. आपण कोण, अशी त्यांनी चौकशी केली. खोका पोचवायला आलो होतो, यजमान म्हणाले, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. प्राचार्यांनी त्यांना खोका कोपऱ्यात ठेवायला सांगितलं आणि चहा घेऊन जायचा आग्रह केला. यजमानांनी तो उभ्यानं, मुकाट्यानं घेतला.

सगळे पांगल्यावर मॅडमनी दोघा पोरांना रिकाम्या वर्गात बोलावलं. खोका चुकून गेला होता, ही डॉक्टरांची पत्रं नव्हेत, एवढं तरी तुमच्या लक्षात यायला हवं होतं, असं त्या म्हणू लागल्या. पुढारीनं त्यांना मध्येच तोडलं.

“मॅडम, अक्षर आम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं. तुम्ही आमच्या पेपरांवर शेरे मारता ना, तेच अक्षर.”

मॅडम खुर्चीत बसल्या. मग मला कळवलं का नाही, त्यांनी विचारलं.

“बाहेरचं माहीत असलेलं आत आणायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंत,” शंकासुर म्हणाला. पुढारीनं त्याला कोपरानं ढोसलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. खोका परत पाठवला असता तर तारीख गेली असती आणि अभ्यासक्रम बंद झाला असता. तो त्यांना बंद होऊ द्यायचा नव्हता. नावं घ्यायची नाहीत हा नियम होताच, त्यामुळं निभावून नेऊ, असं त्यांना वाटलं.

“आणि काका?” मॅडमनी विचारलं. “खोका त्यांनीच दिला ना तुला? धडधाकट उभं असलेलं माणूस बघून आलीस आणि मारलंस त्यांना?”

“आम्ही खूप शोधलं त्यांना त्या कागदांत, मॅडम,” ती म्हणाली. “शेवटच्या पाकिटापर्यंत बघितलं. नाही सापडले.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मॅडमनी रागवायला तोंड उघडलं होतं ते मिटलं. दोघांना जायला सांगून त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. खाली यजमान खोका पुन्हा स्कूटरवर ठेवत होते, या वेळी घरचा. तो नीट बसला की नाही हे त्यांनी दोनदा वाकून पाहिलं. मॅडमना वाईट वाटलं, आणि नक्की कुणासाठी वाटलं ते त्यांना सांगता आलं नसतं.

त्या घरी पोचल्या तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. यजमान बाहेरच्याच कपड्यांत जेवणाच्या टेबलापाशी बसले होते. शेवटची पाकिटं उघडी होती, चिठ्ठ्या ओळीनं मांडल्या होत्या, आणि ते कोऱ्या कागदाचे तुकडे करून एकेका चिठ्ठीला उत्तर लिहीत होते. ‘दार नीट लावलं आहे.’ ‘आज लवकर आलो.’ प्रत्येक उत्तराखाली त्या त्या वर्षाची तारीख घातलेली. विम्यातला माणूस, मागील थकबाकी एकरकमी भरायला बसला होता.

मॅडम त्यांच्या खांद्यावरून वाचत उभ्या राहिल्या. वाचता वाचता त्यांचे डोळे भरून आले. पण हाडाचा मास्तर तो हाडाचा मास्तर.

“ही बनावट झाली,” त्या म्हणाल्या. “जुनी तारीख घालून नवा कागद करता येत नाही.”

“मग उत्तर द्यायचंच नाही?”

“द्या की. पण तारीख आजची घाला.”

यजमानांनी सगळ्या तारखा खोडल्या आणि नेमानं प्रत्येक चिठ्ठीवर आजची घातली. एक उचलून त्यांनी बायकोपुढं धरली. ‘भाजी आणली.’ खाली आजची तारीख.

मॅडमनी ती घेतली, ओट्याकडं पाहिलं, टोपलीत पाहिलं आणि चिठ्ठी परत केली.

“भाजी कुठाय?”

तारीख खरी आणि मजकूर खोटा, हेही चालत नाही, हे न सांगता यजमानांना समजलं. ते उठले, दारामागची पिशवी घेतली आणि चपला घातल्या. दार उघडून ते पुन्हा वळले. ओळीतली भाजीची ती जुनी चिठ्ठी त्यांनी टेबलावरून उचलली, डोळ्यांजवळ धरून वाचली, उलटून मागं पाहिलं.

“अगं, कुठली आणायची ते लिहिलेलंच नाही.”

मॅडमनीही चिठ्ठी पाहिली. खरंच नव्हतं.

“आता मलाही आठवत नाही,” त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसून त्यांनी पायांत चपला सरकवल्या. “चला, दोघं जाऊन बघू.”